सुई नेईल तिकडे

पंपाचं बटण दाबलं की दोन-चार क्षण काहीच घडत नाही. तबकडी थांबलेली असते, सुई वर उचललेली असते, कोणी कशाला हात लावलेला नसतो. आणि मग तो पोकळ अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आपल्या नळीतून एका बाजूला सरकायला लागतो. खरखर नाही, धक्का नाही. निघतो, आणि टोकाला जाऊन टेकतो. त्याला उचलून पुन्हा मधोमध आणावं, तरी तो त्याच बाजूला जातो, तितक्याच निवांतपणे.

हवेच्या बेअरिंगवर चालणारा टोनआर्म ज्यांनी आपल्या रेकॉर्ड प्लेअरवर बसवला आहे, त्यांना आपल्या घराची अशी नव्याने ओळख होते. टेबल एका अंगाला कललेलं निघतं. किंवा टेबल शहाण्यासारखं उभं असतं, पण खालची फरशी कललेली निघते. लाकडी जमिनीच्या घरांत तर आणखी मजा. ऐकणारा माणूस प्लेअरजवळ येऊन उभा राहिला, की त्याच्या वजनाने पाट्या किंचित दबतात आणि दांडा त्याच्या दिशेने चालू लागू शकतो. माणूस मागे सरला की सगळं पूर्ववत.

गवंड्याची पाणसळ इथे फार दूरवर साथ देत नाही. मीटरभर अंतरात एक मिलिमीटर उतार, म्हणजे कोणताही गवंडी ज्याला बिनदिक्कत सरळ म्हणेल, तेवढ्या उतारावर तीस ग्रॅमचा दांडा सुमारे तीस मिलिग्रॅमच्या जोराने बाजूला ओढत राहतो. हा आकडा नगण्य वाटतो. पण सुईवर एकूण भार असतो दीड-दोन ग्रॅमचा, आणि ती ज्या बारीक दांडीच्या टोकाला बसवलेली असते ती दांडी रबराच्या एका इवल्याशा कडीत तोललेली असते. पूर्ण बाजूभर, वीस मिनिटं, कोणीतरी तिला एकाच दिशेने कोपर मारत बसलं तर तिचा तोल ढळतोच. म्हणून जुळवणारी मंडळी शेवटी पाणसळ ठेवून देतात आणि दांड्यालाच विचारतात. पायाचा एखादा स्क्रू पाव फेरी फिरवायचा, दांडा मधे ठेवायचा, हात काढायचा, बघायचं. पुन्हा पाव फेरी, कधी त्याहून कमी. दांडा ठेवला तिथे राहिला, डावीकडे ठेवला तर डावीकडे, उजवीकडे ठेवला तर उजवीकडे, की पहिला टप्पा पार पडला. या टप्प्यात एक अख्खी संध्याकाळ जाऊ शकते, आणि ती वाया गेली असं या लोकांतल्या कुणाला वाटत नाही.

हा सगळा खटाटोप एका जुन्या विसंगतीपायी. रेकॉर्ड कापणाऱ्या यंत्राचं टोक त्रिज्येवरून सरळ रेषेत आत सरकतं. घरातल्या प्लेअरचा आर्म मात्र एका खुंटीभोवती वळतो, त्यामुळे त्याची सुई कंसात जाते. सरळ कापलेलं कंसात वाचायचं, असा हा मामला. गंमत म्हणजे सुरुवात सरळच झाली होती. एडिसनच्या १८७७ सालच्या फोनोग्राफमध्ये नळकांडं आट्यांच्या दांड्यावर फिरत पुढे सरके, आणि सुईची पुढची जागा ते आटेच ठरवत. चपटी तबकडी आणली एमिल बर्लिनरने, आणि त्याने आटे काढून टाकले. खाचच सुईला हाताला धरून आत नेईल, वेगळं यंत्र कशाला? स्वस्त, सुटसुटीत, आणि बाजारात टिकणारी युक्ती. कंसाचा प्रश्न तिच्याबरोबरच घरात आला.

मग त्या प्रश्नावर भूमितीची माणसं बसली. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सनने १९२४ साली ‘द ग्रामोफोन’ मासिकात सुईच्या मार्गाचं गणित मांडलं. स्वीडनच्या एरिक लोफग्रेनने १९३८ मध्ये आणि बेअरवॉल्डने १९४१ मध्ये ते पक्कं केलं. आर्म थोडा जास्त लांब ठेवायचा, इतका की सुई तबकडीच्या मधल्या खुंटीच्या पुढे जाईल, आणि त्याचं डोकं आत वाकवायचं. तसं केलं की कोनाची चूक दोन ठिकाणी शून्यावर येते. बेअरवॉल्डच्या हिशेबात केंद्रापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. इतर जागी एखाद-दोन अंश चूक उरते. पण डोकं वाकवल्यामुळे खाचेच्या घर्षणाची ओढ आता आर्मच्या खुंटीच्या रेषेतून जात नाही, म्हणून आर्म आतल्या बाजूला खेचला जातो. त्याला बाहेर खेचायला दोऱ्यावर टांगलेलं मिरीएवढं वजन लावायचं, किंवा स्प्रिंग. उपायाला उपाय, त्याला पुन्हा उपाय. खरं सांगायचं तर जगातलं बहुतेक सगळं रेकॉर्डवरचं संगीत याच तडजोडीवर ऐकलं गेलं, आणि कुणाचं फारसं अडलं नाही.

ज्यांचं अडलं, त्यांनी दोन वाटा धरल्या. एक मोटारीची. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने १९७२ मध्ये बिओग्राम ४००० काढला. जेकब जेन्सन यांनी घडवलेला तो सपाट, चकचकीत प्लेअर आजही वस्तुसंग्रहालयात शोभतो. त्यात आर्म जरा तिरका झाला की ते ओळखून एक मोटर गाडी पुढे नेते, की पुन्हा सरळ. टेक्निक्सच्या १९७९ मधल्या एसएल-१० ने हीच युक्ती एलपीच्या जाकिटाएवढ्या डब्यात बसवली. देखणी यंत्रं, आणि वापरायला अगदी सोपी. पण चूक आधी घडते आणि मग सुधारली जाते, हा त्यांचा क्रम काही लोकांच्या मनाला लागून राहिला.

दुसरी वाट हवेची. हवेवर धातू तरंगवायची कल्पना संगीतवाल्यांची नव्हे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये शिकवणाऱ्या अल्बर्ट किंग्जबरीने १८९७ मध्ये हवेचं वंगण असलेल्या बेअरिंगचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, आणि आज कारखान्यांत सूक्ष्म मोजमाप करणारी मोठमोठी यंत्रं हवेच्या पापुद्र्यावर सरकतात. किंग्जबरीच्या प्रयोगातला फिरणारा भाग आपल्या वेगानेच स्वतःभोवती हवा ओढून घेई. टोनआर्मला ते जमणं शक्य नाही. एलपीची पहिली खाच केंद्रापासून १४६ मिलिमीटरवर असते आणि आतली शेवटची साठच्या आसपास. म्हणजे ८६ मिलिमीटरचा प्रवास वीस मिनिटांत. सेकंदाला मिलिमीटरचा चौदावा भाग. असल्या चालीला हवा भीक घालत नाही. ती बाहेरून, पंपाने, दाबाखाली पुरवावी लागते, आणि तिथून पुढच्या सगळ्या गमतीजमती सुरू होतात.

या जातीचे आर्म बऱ्याच जणांनी केले. स्वीडनमधून एअर टँजेंट आला, स्लोव्हेनियातून फ्रांक कुझ्मा यांचा एअरलाइन, डेन्मार्कमधून बर्गमन. पण ज्या आर्मवर मालकांनी सर्वांत जास्त हात चालवून घेतला तो अमेरिकेतला, फ्लोरिडातल्या टॅलहासीचा. तिथे ब्रूस थिगपेन यांची एमिनंट टेक्नॉलॉजी नावाची छोटी कंपनी आहे. त्यांचा ईटी-२ हा आर्म १९८०च्या दशकात आला. थिगपेन हे हवेच्या नादी लागलेले गृहस्थ दिसतात. पुढे त्यांनी एक असा वूफर केला, की ज्यात कागदी शंकूऐवजी पंख्यासारखी पाती फिरतात आणि संगीताच्या तरंगाबरोबर पात्यांचा कोन बदलतो. वीस हर्ट्झच्याही खालची, कानाला न कळणारी आणि खिडक्यांना कळणारी कंपनं त्यातून निघतात.

ईटी-२ची रचना सांगायला सोपी आहे. एक आखूड, जाड बाही प्लेअरवर पक्की बसवलेली. तिच्या आतल्या अंगाला बारीक छिद्रं, त्यांतून पंपाची हवा आत येते. बाहीतून एक पोकळ दांडा आरपार गेलेला, आणि दोघांच्या मधे केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट. त्या फटीत हवा, आणि हवेवर दांडा. दांड्याच्या एका टोकापासून काटकोनात पुढे जाते ती सुई धरणारी आखूड कांडी, आणि मागे तिला तोलणारी शिशाची वजनं. बाही स्थिर असल्यामुळे हवेची नळीही स्थिर राहते. हलतो तो फक्त दांडा. हा दांडा आपल्या अक्षाभोवती वर-खाली झुलतो आणि अक्षाच्या दिशेने आत-बाहेर सरकतो. दोन्ही हालचाली एकाच बेअरिंगवर, आणि दोन्हींत घर्षण जवळपास शून्य.

आता त्रिज्या धरायची. पातळी झाल्यावरचं हे काम तसं शाळेतल्या भूमितीचं. कागदावर एक सरळ रेघ मारलेली असते, ती मधल्या खुंटीच्या बरोबर केंद्रातून जाणारी. सुई त्या रेघेच्या बाहेरच्या टोकाला ठेवायची आणि दांडा बोटाने आत न्यायचा. शेवटपर्यंत सुईने रेघ सोडता कामा नये. रेघेला समांतर पण एक मिलिमीटर बाजूने गेली, तर बाहेरच्या खाचेत ०.४ अंशाची चूक होते आणि आतल्या खाचेत जवळजवळ एका अंशाची. म्हणजे सरळ चालणारा आर्म तिरका बसवला की तो नेमका तिथे जास्त चुकतो, जिथे खाचेची लांबी कमी पडलेली असते आणि संगीत दाटीवाटीने बसलेलं असतं. इथे खुंटीवाल्या आर्मचे मालक हसतात. त्यांना तो हक्क आहे.

उंचीचा कोन ठरवायला ईटी-२मध्ये एक सुरेख सोय आहे. एक तरफ फिरवली की सगळी बाही एका कंसावर उचलली जाते, आणि त्या कंसाचा मध्य असतो सुईच्या टोकाशी. त्यामुळे उंची बदलते पण सुईची जागा बदलत नाही, आणि रेकॉर्ड चालू असतानाही ते करता येतं. सोय सुरेख म्हणूनच धोक्याची. जाड रेकॉर्डला जरा वर, पातळ रेकॉर्डला जरा खाली, बासरीला असं, पखवाजाला तसं. असं करता करता काही जण रेकॉर्डच्या जाकिटावर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवू लागतात. तिथून परत येणारे थोडे.

पण खरा विचार करायला लावते ती मागची वजनं. साध्या आर्ममध्ये आडवं आणि उभं वजन साधारण एकच असतं, कारण सगळं एका खुंटीभोवती फिरतं. हवेच्या आर्ममध्ये ते दुभंगतं. वर-खाली जाताना सुईला फक्त कांडीचा झोका उचलायचा असतो, तो हलका. आडवं जाताना मात्र दांडा, कांडी, सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज, वजनं, सगळं बिऱ्हाड बरोबर न्यावं लागतं. ईटी-२मध्ये उभ्या दिशेला जेमतेम सातेक ग्रॅम, तर आडव्या दिशेला तीसच्या आसपास. सुई रेकॉर्ड वाचते म्हणतात, पण या यंत्रात ती वाचता वाचता हमालीही करते.

आणि ही हमाली कमी कशी करायची याचं उत्तर सरळ नाही. समजा सुईला तोलायला मागे ४ सेंटिमीटरवर ३० ग्रॅम शिसं ठेवलं. त्याऐवजी ८ सेंटिमीटरवर १५ ग्रॅम ठेवलं तरी तोल तोच. आडवा बोजा तिथल्या तिथे १५ ग्रॅमने उतरला. पण वर-खाली होताना अंतराचा वर्ग मोजावा लागतो, त्यामुळे त्या शिशाचं उभं जडत्व दुप्पट झालं. एका दिशेला दिलं ते दुसऱ्या दिशेने काढून घेतलं. हवेच्या आर्ममध्ये उभ्या दिशेला मुळातच हलकेपणा शिल्लक असतो, म्हणून हा सौदा बहुधा फायद्याचा ठरतो. थोडं वजन, लांब ठेवलेलं. पण कार्ट्रिज बदललं की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

तरीही आडवा बोजा उरतोच, आणि तो सुईच्या रबरी कडीच्या लवचिकतेशी मिळून झुलू लागतो. गणित असं सांगतं, की ३६ ग्रॅम आडवा बोजा आणि मध्यम लवचीक कार्ट्रिज यांचा झुला सेकंदाला सातेक वेळा हलतो. त्याच कार्ट्रिजचा उभा झुला अकराच्या आसपास. रेकॉर्डच्या पोटातला सर्वांत खालचा स्वर यांच्या बराच वर असतो, पण झुल्याला धक्का द्यायला स्वरच लागतो असं नाही, दारातून गेलेली बस पुरते. थिगपेन यांनी यावर काढलेला तोडगा छोटासा आहे. वजनांची पट्टी दांड्याला थेट न जोडता पातळ पोलादी पात्याने जोडायची. पातं आडव्या दिशेला लवतं, म्हणून झुल्याच्या वेळी वजनं एका लयीत आणि आर्म दुसऱ्या लयीत राहतो, आणि एका उंच शिखराऐवजी दोन बुटकी शिखरं मिळतात. पातं जाड घ्यायचं की पातळ, एक की दोन, की ते काढून पट्टी कायमची आवळून टाकायची, यावर मालकांमध्ये जे वाद चालतात त्यांना घराण्यांच्या वादांची धार असते. आवळणारे म्हणतात तबल्याच्या बायाला आता बूड आलं. लवतं ठेवणारे म्हणतात बूड आलं ते फुगून.

काही जण आणखी पुढे जातात. दांड्याला एक छोटं वल्हं लावतात आणि ते घट्ट सिलिकॉन तेलाच्या पन्हळीत बुडवतात. म्हणजे घर्षण घालवण्यासाठी हवा आणली, पंप आणला, घर नळ्यांनी भरलं, आणि मग मुद्दाम तेलात वल्हं घातलं. वरकरणी हा वेडेपणा वाटतो. पण तेलाचा अडथळा वेगाप्रमाणे वाढतो. सेकंदाला मिलिमीटरच्या चौदाव्या भागाने सरकणाऱ्या दांड्याला तेल आडवंच येत नाही. सेकंदाला सात वेळा झुलू पाहणाऱ्याला मात्र ते धरून ठेवतं. कोरड्या धातूचं घर्षण नेमकं उलट वागतं. हळू चालणाऱ्याला ते अडवतं, मग झटक्यात सोडतं. या दोन अडथळ्यांतला फरक ध्यानात आला, की हवेचा आर्म कोणत्या शत्रूशी लढतो आहे ते कळतं.

छिद्राचा प्रश्न या सगळ्यात डोळ्यांना सर्वांत आधी दिसतो. रेकॉर्डचं मधलं छिद्र बरोबर मध्यावर असेलच असं नाही. ते ०.२ मिलिमीटरने सरकलेलं असलं, तर खाच प्रत्येक फेरीत, म्हणजे १.८ सेकंदांत एकदा, तेवढी आत आणि तेवढी बाहेर जाते. साध्या आर्ममध्ये हे डोलणं लक्षात येत नाही. इथे मात्र तो चकचकीत दांडा सगळ्यांसमोर डावीकडे-उजवीकडे जाऊ लागतो, आणि एकदा ते पाहिलं की संगीतावरून नजर उठून तिथे जाते. गणिताने पाहिलं तर या संथ डोलण्याचा सुईवर पडणारा भार किरकोळ असतो, सातेक मिलिग्रॅमचा. न दिसणारा उतार त्याच्या चौपट ओढतो. पण माणूस डोळ्यांना घाबरतो, गणिताला नाही.

डोलण्याचा खरा परिणाम स्वरावर होतो, आणि तो कोणताही आर्म लावला तरी टळत नाही. ०.२ मिलिमीटरच्या त्या चुकीने बाहेरच्या खाचेत स्वर सुमारे ०.१४ टक्के वर आणि तितकाच खाली जातो. आतल्या खाचेत ०.३३ टक्के. पियानोच्या तुटक सुरावटीत हे एखाद्याच्या ध्यानातही येणार नाही. विलंबित ख्यालाची एलपी लावली की मात्र लपायला जागा उरत नाही. तानपुऱ्याची अखंड आस वीस मिनिटं मागे वाजत असते, आणि तिच्यावर भीमसेन जोशी यांचा एखादा लांबलचक षड्ज. आतल्या खाचेत तळापासून माथ्यापर्यंतचा फरक ०.६६ टक्के, म्हणजे ८१:८० या प्रमाणाच्या श्रुतीच्या निम्म्याहून थोडा जास्त. गायकाने आयुष्य घालवून जो सूर हलू दिला नाही तो कारखान्यातल्या एका छिद्रामुळे दर १.८ सेकंदांनी मान डोलावतो. आर्म तपासण्यासाठी परदेशातली मंडळी मोठमोठे ऑर्केस्ट्रा लावतात. त्यांना कुणीतरी किराणा घराण्याची एखादी बाजू द्यायला हवी.

जपानच्या नाकामिची कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स-१००० नावाचा एक अजस्र प्लेअर काढला होता. तो आधी रेकॉर्ड किती सरकलेली आहे ते मोजायचा आणि मग तबकडीच सरकवून ती मध्यावर आणायचा. ज्यांना तो परवडत नाही ते कानस घेऊन छिद्र अंमळ मोठं करतात आणि दांड्याचं डोलणं बघत रेकॉर्डला बोटाने टिचक्या मारतात. मुंबईच्या चोरबाजारातून घासाघीस करून आणलेल्या रेकॉर्डवर हे करायला हात धजावतो. आजोबांच्या संग्रहातल्या रेकॉर्डवर नाही.

मग तारा. कार्ट्रिजच्या पाठीमागे चार खिळे असतात आणि त्यांना लाल, हिरवी, पांढरी, निळी अशा चार तारा. साध्या आर्ममध्ये त्या खुंटीतून खाली उतरतात आणि पीळ पडण्यापलीकडे त्यांना काही काम नसतं. सरळ चालणाऱ्या दांड्याबरोबर मात्र त्यांना ८६ मिलिमीटर यावं-जावं लागतं. केसासारखी तार असली तरी ती शेवटी स्प्रिंग आहे. वळण दिलं की सरळ व्हायला बघते. पंप लावून, पातळी साधून, हवेवर तोललेला दांडा या चार तारांच्या मर्जीवर नाचू लागतो. तारांची कमान मोठी ठेवून बघतात, छोटी ठेवून बघतात, वरून टांगून बघतात. मधला जोड काढून कार्ट्रिजपासून थेट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एकसंध तार ओढणारे तर बरेच. जोड गेल्याने आवाज उजळला असं ते सांगतात. तारांचं आवरण सोलून त्या उघड्या, मोकळ्या सोडणारेही आहेत. मग एखाद्या रात्री दोन तारा एकमेकींना टेकतात आणि एक बाजू मुकी होते.

पंपाचं प्रकरण वेगळंच. मूळ पंप मत्स्यालयाच्या पंपाच्या जातीचा, जेमतेम दोन-तीन पीएसआय दाब देणारा, आणि गुरगुरणारा. तो ऐकण्याच्या खोलीत ठेवता येत नाही. कपाटात, माळ्यावर, न्हाणीघरात, कुठेतरी त्याची रवानगी होते आणि भिंतीला भोक पाडून नळी आणली जाते. पंपाची हवा ठोके देत येते, ते ठोके दांड्याला कळतात, म्हणून मधे एक रिकामी टाकी घालायची, की हवा तिथे दम खाऊन शांतपणे पुढे जाईल. दाब वाढवावा तर पापुद्रा ताठ होतो. पण ती बारीक छिद्रं आणि ती फट ठरावीक दाबासाठी कोरलेली असतात, म्हणून जास्त दाबाची बाहीच वेगळी मिळते. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर लावला तर तेलाचे सूक्ष्म तुषार छिद्रांत जाऊन चिकटतात. आणि दमट गावात पाणी. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. ज्या हवेने मुंबईत पावसाळ्यात रेकॉर्डच्या जाकिटांवर बुरशी चढते, ती टाकीत कोंबली तर तळाशी तळं साचणारच. फिल्टर, पाणी अडवणारी बाटली, तळाची तोटी असा सगळा सरंजाम मागोमाग येतो. एक खोली संगीताची आणि एक खोली हवेची, अशी घराची वाटणी होते. घरातली इतर माणसं याकडे कसं बघतात, यावर अजून कोणी लेख लिहिलेला दिसत नाही.

घर्षण होतं तोवर उतार दिसत नव्हता, तारांचा पीळ जाणवत नव्हता, पंप तर नव्हताच. ते गेलं, आणि त्याच्या आड उभी असलेली सगळी मंडळी एकेक करून पुढे आली. या आर्मचे मालक सुखी दिसतात ते बहुधा याचमुळे. त्यांना संगीत आवडतं, यात शंका नाही. पण ज्या यंत्रात काहीच बिनसत नाही, ते एकदा लावलं की त्याच्याशी बोलणं संपतं. ईटी-२ तसा कधी गप्प बसत नाही. त्याच्या कांड्या बदलता येतात, अ‍ॅल्युमिनियमची, कार्बन फायबरची, मॅग्नेशियमची. पाती बदलता येतात, वजनं बदलता येतात. कंपनीने पुढे ईटी-२.५ काढला, त्यात दांडा जास्त जाडीचा घेतला, तेव्हा जुन्या मालकांपुढे आणखी एक पेच आला. पातळ दांडा ठेवायचा की जाड घ्यायचा? जाड दांड्यावर खालचे सूर भरीव होतात असं काहींना वाटतं, पातळ दांड्यावर वरचे सूर चपळ राहतात असं काहींना.

कान इथे कितपत साक्षीदार मानायचा, हा अवघड मुद्दा आहे. बदल करायला तासभर लागतो, आणि तासाभरापूर्वी सारंगी नेमकी कशी वाजली होती हे कुणाला आठवणार? म्हणून काही जण प्रत्येक बदलाआधी तीच बाजू मुद्रित करून ठेवतात, आणि मग दोन मुद्रणं डोळे मिटून, कोणतं कोणतं ते न कळता ऐकतात. त्यात अनेक फरक विरून जातात. काही उरतात, आणि जे उरतात ते बहुतेक वेळा तारांचे किंवा पातळीचे असतात, महागड्या पात्यांचे नव्हेत. तरी पाती बदलली जातातच. एका गावात एक जण पंपाचा दाब वाढवून सांगतो की खर्ज मोकळा झाला, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या गावात दुसरा दाब कमी करून अगदी तेच सांगतो.